डिस्कव्हरी २, मागचे एअर बेलो आणि दोन इंची लिफ्ट : स्पेसर घालावा का?

वेल्हेवाली

नमस्कार मंडळी. गाडी लँड रोव्हर डिस्कव्हरी २, टीडी५ डिझेल, सात सीटर. मागे कंपनीचंच एअर सस्पेन्शन आहे, म्हणजे स्प्रिंगच्या जागी हवेचे रबरी बेलो, पुढे कॉइल. सासऱ्यांनी हौसेनं घेतलेली गाडी, आता चालवते मी. राहायला वारज्याला, शेत वेल्ह्याच्या पुढे. भात झोडून झाला की इंद्रायणीची पोती मागे टाकायची आणि खाली उतरायचं. पोती भरली की मागून घरघर आवाज येतो, गाडी हळूच उठते आणि सरळ उभी राहते. मला ही सोय फार मोलाची वाटते. त्यामुळे "एअर काढून कॉइल टाका" हा सल्ला कृपया नको, तो मला सगळ्यांनी देऊन झालाय.

शेताकडचा शेवटचा रस्ता पावसात ओढ्यातून जातो. पोट घासायला लागलं म्हणून शहरातल्या एका गॅरेजमध्ये लिफ्ट करून घेतली. पुढे दोन इंच उंच कॉइल आणि चारही चाकांना ५० मिमी लांब शॉकअप. मागे मात्र त्यांनी एवढंच केलं, की उंची मोजणाऱ्या सेन्सरच्या दांड्या लांब करून दिल्या. गाडी उठली, दिसायला छान दिसते. पण आता दोन गोष्टी होतात.

एक, स्पीडब्रेकरवरून उतरताना मागून ठण्ण असा आवाज येतो. आपटल्याचा नाही, ओढल्याचा.

दोन, परवा शेताच्या बांधावर एक चाक हवेत लटकलं तेव्हा मी खाली वाकून बघितलं. एरवी बेलोचं रबर खालच्या प्लास्टिकच्या भांड्यावर मोज्यासारखं दुमडलेलं असतं. त्या बाजूची घडी पूर्ण निघून गेली होती आणि रबर सरळ ताणून उभं होतं. खालच्या कडेला केसाएवढ्या बारीक रेषाही दिसल्या.

गॅरेजवाले म्हणतात, बेलोखाली दोन इंचाचा स्पेसर, म्हणजे जाड ठोकळा, टाकू, गाडी अजून दोन इंच वर येईल. मला अजून वर नकोच आहे. स्पेसर टाकावा का? टाकला तर खरंच उंची वाढते का? आणि तो कशाचा करावा?

पेठेतला

ताई, गाडीचं तांत्रिक जाणकार सांगतीलच, मी कागदाचं सांगतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचून ठेवा. कंपनीनं ठरवलेल्या तपशिलात फरक पडेल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलंय. गाडी जुनी आहे, म्हणजे फिटनेसला जावं लागत असणार. शिवाय अपघात झाला तर विमा कंपनी आधी हेच बघते. काम करायचंच तर काढलेला एकही मूळ भाग भंगारात देऊ नका. परत मूळ स्थितीत आणता येईल असंच काम करा, कापाकापी आणि वेल्डिंग टाळा.

चाकणकर

ताई, आधी तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण सगळा घोळ तिथेच आहे. स्पेसर टाकून तुमची गाडी एक मिलिमीटरही उंच होणार नाही. कॉइलच्या गाडीत स्पेसर टाकला की गाडी तेवढी उठते, हे गॅरेजवाल्यांच्या हातात बसलेलं असतं. ते चुकीचंही नाही. पण तुमच्या गाडीत उंची स्प्रिंग ठरवत नाही. ती सेन्सर ठरवतो.

मी चाकणला सस्पेन्शनच्या टेस्टिंगमध्ये काम करतो, आणि ही गोष्ट नव्या पोरांना समजावताना मी नेहमी जमिनीवर खडूनं काढून दाखवतो. तुमच्या गाडीत मागे डावीकडे एक आणि उजवीकडे एक असे दोन सेन्सर आहेत. ते चेसिसला बसवलेत आणि दांडीनं मागच्या रेडियस आर्मला, म्हणजे अॅक्सलला चेसिसशी जोडणाऱ्या लांब हाताला, जोडलेत. ईसीयूला, म्हणजे सस्पेन्शन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला, चेसिस आणि आर्ममधलं अंतर या दांडीवरूनच कळतं. अंतर कमी झालं की कॉम्प्रेसर चालू, जास्त झालं की व्हॉल्व्ह उघडून हवा बाहेर. बेलोखाली तुम्ही काय ठेवलंय, याची त्याला खबर नसते. दांडी लांब केल्यावर सेन्सरला वाटलं गाडी बसली, म्हणून त्यानं हवा भरून ती उचलली. तुमची उंची तिथेच मिळून गेलेली आहे. आता स्पेसर टाकलात तर गाडी क्षणभर उठेल, सेन्सर म्हणेल जास्त झाली, आणि हवा सोडून पुन्हा आत्ताच्याच उंचीवर आणून ठेवेल.

मग स्पेसर कशाला? तर बेलोला त्याच्या मूळ लांबीवर आणायला. आत्ता तुमचा बेलो नुसता उभा असतानाच मूळपेक्षा ५० मिमी लांब झालाय. त्यात शॉकअपही ५० मिमी लांब घातलेत, म्हणजे चाक आणखी खाली लटकतं. पूर्वी चाक लटकलं की शॉकअप आधी संपायचा आणि बेलो सुरक्षित राहायचा. आता बेलो आधी संपतो. ओढल्याचा ठण्ण आवाज येतो तो तिथून, असं माझं मत आहे. शॉकअपचं काम बेलोचं रबर करतंय, आणि रबर त्यासाठी बनवलेलं नाही. त्या बारीक रेषांकडे दुर्लक्ष करू नका.

म्हणून पहिल्या प्रश्नाचं उत्तर: हो, स्पेसर हवाच. दोन इंची लिफ्ट आणि तेवढेच लांब शॉकअप असतील तर ५० मिमीचा स्पेसर. उंची तशीच राहील आणि बेलो पुन्हा आपल्या मधल्या टप्प्यात काम करेल, वर-खाली दोन्हीकडे त्याला जागा राहील.

पण थांबा. इथे बहुतेक जण काम संपवतात आणि पुढचा बेलो फाडून घेतात. स्पेसर टाकला की लटकण्याच्या बाजूचा प्रश्न सुटतो, पण दबण्याच्या बाजूचा नवा तयार होतो. अॅक्सल वर येऊन बंप स्टॉपला, म्हणजे चेसिसखालच्या रबरी अडसराला, टेकतो तेव्हा अॅक्सल आणि चेसिसमधलं अंतर पूर्वीइतकंच असतं. त्याच अंतरात आता बेलो अधिक ५० मिमीचा स्पेसर मावायला हवा. म्हणजे बेलो मूळ डिझाइनपेक्षा ५० मिमी जास्त चेपला जाणार. भरलेल्या पोत्यांसकट एखादा खड्डा बसला की खालचं भांडं वरच्या प्लेटवर जाऊन धडकेल. लांब शॉकअप बंद लांबीलाही लांबच असतो, त्यामुळे तोही आतून आपटेल. म्हणून जेवढा स्पेसर, तेवढाच बंप स्टॉप खाली आणायचा. बंप स्टॉप आणि चेसिसच्या मध्ये ५० मिमीचा ठोकळा आणि लांब बोल्ट, एवढंच काम आहे. त्याशिवाय स्पेसर बसवू नका, ही माझी कळकळीची विनंती.

करण्याआधी एक मोजमाप घ्या. गाडी सपाट जागी, रिकामी, इंजिन चालू ठेवून स्थिर होऊ द्या आणि दोन्ही बाजूंना अॅक्सलपासून बंप स्टॉपपर्यंतचं अंतर लिहून घ्या. मग चेसिसखाली स्टँड लावून मागची चाकं लटकवा आणि बघा, शॉकअप पूर्ण उघडला का, की बेलोनंच अॅक्सलला धरून ठेवलंय. चाक उचलण्याआधी सस्पेन्शनचा फ्यूज काढा, नाहीतर कॉम्प्रेसर आणि व्हॉल्व्ह आपल्या मर्जीनं मधेच हवा भरतील किंवा सोडतील. आणि नुसत्या जॅकवर विसंबून हात आत घालू नका. हवा गेली की दोन टनांची गाडी खाली बसते, आणि अॅक्सल-चेसिसच्या मधली फट तिथे फट म्हणून राहत नाही.

वेल्हेवाली

इतकं सविस्तर कुणीच सांगितलं नव्हतं, मनापासून आभार. सांगितलं तसं केलं. चाकं लटकवल्यावर शॉकअप हातानं अजून हलत होता, म्हणजे तो संपलाच नव्हता. दोन्ही बेलो मात्र ताठ. म्हणजे तुमचं म्हणणं बरोबर निघालं. बेलो दोन्ही नवे मागवतेय, त्या रेषा बघून धीर होत नाही.

आता तीन शंका. स्पेसर बेलोच्या वर बसवायचा की खाली? कशाचा करायचा? आणि एकानं सुचवलं की स्पेसर न टाकता दांड्या थोड्या आखूड करून एकच इंच लिफ्ट ठेवा. ते कसं?

भोसरी_लेथ

कशाचा करायचा ते मी सांगतो, आमचं रोजचं काम आहे. ६०६१ किंवा ६०८२ ग्रेडच्या ॲल्युमिनियमचा गोल बार घ्या. वजनाला हलका, भार आरामात घेतो. बरेच जण स्वस्तात नायलॉनचा करतात. नायलॉन पाणी पितो आणि फुगतो, आणि तुमचा रस्ता ओढ्यातून जातो. एचडीपीई प्लास्टिकचा करून घेणारेही येतात, ते सतत भाराखाली हळूहळू बसत जातं. लाकडाचा ठोकळा तर नकोच नको, तोही लोक घालतात.

जॉब देताना वर्कशॉपला नुसतं "पन्नास मिमीची चकती" सांगू नका. जुना बेलो सोबत न्या आणि अॅक्सलवरच्या सीटचा, म्हणजे बेलो बसतो त्या जागेचा, जाड पुठ्ठ्यावर छाप घेऊन जा. दोन्ही फेस एका सेटिंगमध्ये समांतर लागले पाहिजेत, नाहीतर बेलो तिरका उभा राहतो आणि एकाच बाजूला घासतो. सगळ्या कडा चांगल्या गोल मारून घ्या. लेथवरून उतरलेली ॲल्युमिनियमची कड ब्लेडसारखी असते, रबर तिच्यावर टेकलं की संपलं. आणि ॲल्युमिनियम जिथे लोखंडाला टेकतं तिथे चिखलपाण्यानं पांढरी भुकटी धरते, तेव्हा ॲनोडाइझ (वर संरक्षक थर) करून घ्या किंवा बसवताना जाड ग्रीस लावा.

भोसरी एमआयडीसीत हे काम करणारी छोटी वर्कशॉप गल्लोगल्ली आहेत. ड्रॉइंग नीट असेल तर कुणीही करून देईल.

चाकणकर

लेथवाल्या दादांचा शब्दन् शब्द बरोबर आहे. समांतर फेसचं तर दोनदा वाचा.

वर की खाली: डिस्कव्हरी २ मध्ये बेलो खालून अॅक्सलच्या सीटमध्ये घालून फिरवून लॉक होतो, आणि वरून चेसिसला क्लिपांनी धरलेला असतो. हवेची नळीही वरच्या अंगालाच येते. वर स्पेसर घातला तर क्लिपांचे खुंट आणि नळी, दोन्हींसाठी पुन्हा जागा काढावी लागते. खाली घातला तर फक्त लॉकची खाच पुढे न्यावी लागते. म्हणून खालचा सोपा. पण खालच्या स्पेसरला वरच्या फेसवर सीटसारखीच खाच हवी आणि खालच्या बाजूनं तो अॅक्सलच्या सीटला पक्का बोल्ट झाला पाहिजे. नुसता मध्ये ठेवलेला स्पेसर मला मान्य नाही. चाक लटकलं की बेलो सैल पडतो, आणि सैल ठोकळा जागेवरून सरकला की गाडी खाली बसताना बेलो त्याच्या कडेवर चेपतो.

आता एक इंचाचा विचार. तो वाईट नाही, पण तुमचे शॉकअप ५० मिमी लांबच राहणार आणि चाक तेवढंच लटकणार. बेलोच्या ताणाला गाडीची उभी उंची कारणीभूत नाही, शॉकअप किती उघडतो ते कारणीभूत आहे. म्हणजे लिफ्ट एक इंच ठेवलीत तरी स्पेसर चुकत नाही. स्पेसर नकोच असेल तर मागचे शॉकअप मूळ लांबीचे घाला. पण मागे एक आणि पुढे दोन इंच लिफ्ट, हे गणित जुळत नाही, गाडी नाक वर करून उभी राहते. तुमची पोती आणि तुमचा ओढा बघता मी दोन इंच आणि पूर्ण काम करेन.

दांड्यांबद्दल एक बारकावा, कारण पुढे तुम्हाला तिथेच हात घालायचाय. दांडी रेडियस आर्मला जिथे जोडली आहे ती जागा अॅक्सलवर नाही, आर्मच्या मध्ये कुठेतरी आहे. आर्मचा बिजागर पुढे, अॅक्सल मागे. अॅक्सल ५० मिमी हलला तर त्या जागी त्याहून कमी हालचाल होते. जोड बरोबर अर्ध्यावर असेल तर २५ मिमी. म्हणून "दोन इंच लिफ्ट म्हणजे दांडी दोन इंच लांब" हे धरून चालू नका. दोन्ही अंतरं टेपनं मोजा, गुणोत्तर काढा, तेवढीच लांबी ठेवा. जास्त झाली तर सेन्सरचा हात त्याच्या टोकाला जातो, ईसीयूला वाचन पटत नाही आणि एसएलएसचा, म्हणजे मागच्या एअर सस्पेन्शनचा, दिवा लागतो. दोन्ही टोकांना आटे असलेली, कमी-जास्त करता येणारी दांडी बनवून घेतलीत तर उत्तम. बारीक फरक नॅनोकॉमनं, म्हणजे ईसीयूला जोडायच्या तपासणी यंत्रानं, कॅलिब्रेट करता येतो. पुण्यात जुन्या लँड रोव्हरवाल्यांकडे ते यंत्र मिळतं, विचारून बघा.

बसवताना क्रम असा ठेवा. नॅनोकॉमनं दोन्ही बेलोतली हवा सोडा. चेसिस स्टँडवर, अॅक्सल जॅकवर. स्पेसर, बेलो, लॉक, क्लिप. आणि आता सगळ्यात नाजूक जागा: नवा बेलो रिकामा असताना त्यावर गाडीचा भार टाकू नका. रिकाम्या बेलोची घडी आपोआप नीट पडत नाही, ती आत वळते किंवा एका बाजूला चिमटते आणि पहिल्याच दिवशी रबर कापलं जातं. चाकं जमिनीच्या वरच असताना थोडी हवा भरा, घडी सगळीकडून सारखी गोल पडली का ते हात फिरवून बघा, आणि मगच गाडी हळूहळू खाली घ्या. नंतर जोडांवर साबणाचं पाणी. एक बुडबुडासुद्धा सोडून देऊ नका. बारीक गळतीनं गाडी रात्रीतून बसते, आणि सकाळी कॉम्प्रेसर नको तेवढा वेळ चालतो. डिस्कव्हरीचे कॉम्प्रेसर बहुतेक असेच जळतात, बेलो गळत राहतो म्हणून.

मागचे ब्रेक होज आणि एबीएसच्या वायरी चाक लटकवून बघा, ताठ होत असतील तर लांब होज घाला. पुढच्या प्रॉपशाफ्टचा, म्हणजे पुढच्या अॅक्सलला ताकद नेणाऱ्या फिरत्या दांड्याचा, डबल जॉइंट या गाडीचा जुनाच दुखरा भाग आहे, लिफ्टनं त्याचा कोन आणखी वाढतो. त्याला ग्रीस निपल नसेल तर निपलवाला जॉइंट बसवून घ्या. तो तुटला तर फिरत फिरत गिअरबॉक्सच्या केसिंगला भोक पाडतो. हेडलाइटही खाली करून घ्या, पानशेत रस्त्याला समोरच्याचे डोळे दिपतात.

मुळशी_फॉर्च्युनर

धागा वाचून शंका आली. माझी फॉर्च्युनर, दोन इंच लिफ्ट, मागे कॉइलच्या आत हवेच्या मदतनीस पिशव्या टाकल्यात. मलाही स्पेसर लागेल का? तुमच्या हिशेबानं उंची वाढणार नाही ना?

चाकणकर

तुमचं प्रकरण वेगळं आहे. तुमच्याकडे सेन्सर नाही, ईसीयू नाही, गाडी कॉइलवरच उभी आहे आणि पिशवी तिला फक्त हात देते. लिफ्टमुळे कॉइल लांब झाली, पिशवी जुन्याच मापाची. वर-खाली पोकळी राहते आणि पिशवी तेवढ्या जागेत फुगून कॉइलच्या वेटोळ्यांमधून बाहेर यायला बघते. म्हणून त्या पोकळीच्या मापाचा स्पेसर पिशवीच्या खाली किंवा वर घालतात, लिफ्टच्या गाड्यांसाठी तो किटमध्येही मिळतो. एअर लिफ्ट १००० प्रकारच्या पिशव्यांना ५ ते ३५ पीएसआय इतकीच हवा चालते. रिकाम्या गाडीतही ५ च्या खाली जाऊ देऊ नका, नाहीतर पिशवी वेटोळ्यात चिमटते. सायलेन्सरचा पाइप जवळून जातो त्या बाजूला उष्णता अडवणारा पत्रा आहे का, तेही बघून घ्या.

वेल्हेवाली

काम झालं. ६०८२ चे स्पेसर, खाली बोल्ट करून. बंप स्टॉप आणि चेसिसच्या मध्ये ठोकळे. दांडीचा जोड अर्ध्याच्या थोडा अलीकडे निघाला, म्हणजे गॅरेजनं दिलेल्या दांड्या बऱ्याच जास्त लांब होत्या. ठण्ण आवाज पूर्ण गेला. त्याच बांधावर चाक लटकवून पाहिलं, घडी जागेवर आहे.

एकच राहिलं. रिकामी असताना ठीक, पण पोती भरून दहा-पंधरा मिनिटं चालवली की डावीकडे बोटभर खाली दिसते आणि दिवा लागतो. साबणाच्या पाण्यात बुडबुडा नाही.

चाकणकर

फार बरं वाटलं वाचून. बुडबुडा नाही आणि फक्त चालताना होतं, म्हणजे गळतीआधी सेन्सर बघा. डाव्या आणि उजव्या दांडीची लांबी जोडाच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजा, लांबी पक्की धरणारा चेकनट सैल पडून डावीकडची आटली असेल. ती ठीक असेल तर गाडी रिकामी करून सपाटीवर उभी करा आणि नॅनोकॉमवर दोन्ही सेन्सरचं वाचन बघत कुणालातरी मागच्या बंपरवर उभं करा. डावीकडचा आकडा सलग बदलायच्या ऐवजी उडी मारत असेल तर तो सेन्सर आतून झिजलाय, तेवढा बदला. आकडा नीट सरकत असेल तर डाव्या बेलोची नळी चेसिसच्या कडेवर दाबली जाते का पाहा, भार आला की ती तिथेच चिमटते. आकडे इथे टाका, मी बघतो.